पहिल्या खुर्चीचा हाफ टाइम

त्या सलूनमध्ये खुर्च्या तीन होत्या, पण लोक ताटकळायचे ते एकाच खुर्चीसाठी. मधलीवर धाकटा भाऊ काम करायचा, कोपऱ्यातलीवर धुतलेले टॉवेल बसायचे, आणि दाराजवळची पहिली खुर्ची रेडिओची. तिच्या हाताचं रेक्झिन फाटलं होतं, ते काळ्या चिकटपट्टीने बुजवलेलं. फिरवायला गेलं की ती आधी कुरकुरायची, मग कण्हायची आणि शेवटी नाइलाजाने फिरायची.

रेडिओ म्हणजे थोरला भाऊ. त्याचं खरं नाव सही करण्यापुरतंच उरलं होतं. कात्री चालू झाली की तोंड चालू, आणि तोंडही स्वतःचं नव्हे. गिऱ्हाईक दार लोटून रस्त्यावर जातंय न जातंय, तोच आत त्याचा आवाज सुरू: तेच खाकरणं, तेच "अहो पण जरा मागून कमी", तेच नाकातून हसणं. त्यामुळे कटिंग झाल्यावरही कोणी बाकावरून हलायचं नाही. पहिला जो उठेल त्याची मागे बिनपाण्याने होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दुकान सदा भरलेलं असायचं ते यामुळे. धाकट्याला मात्र कित्येक वर्षं वाटत होतं की नव्या पंख्यामुळे.

फिरत्या खुर्चीवर उभं राहू नये, हे रेडिओ गिऱ्हाइकांच्या पोरांना दिवसभर ओरडून सांगायचा. एके सकाळी ट्यूबलाइट बदलायला तो स्वतःच तिच्यावर चढला. जन्मभर कुरकुरणारी ती खुर्ची त्या दिवशी एका शब्दानेही न कुरकुरता गर्रकन फिरली. रेडिओ खाली आला तो डोक्याची उजवी बाजू काउंटरच्या दगडी कडेवर आपटूनच.

ऑपरेशन झालं. साकळलेलं रक्त काढलं. कितीतरी दिवसांनी त्याने डोळे उघडले, पांढऱ्या खाटांच्या रांगेकडे बघितलं आणि नर्सला विचारलं, "एवढ्या खुर्च्या, आणि कारागीर तुम्ही एकट्याच?" बायको भिंतीला टेकून उभी होती. ती आधी हसली, मग जी रडायला लागली ती नर्सने बाहेर नेऊन बसवेपर्यंत.

बायको शाळेच्या बसवर मदतनीस होती. पोरांना चढवायचं, बसवायचं, मोजायचं, उतरवायचं. तिचं घरातलं बोलणंही तसंच: "हात आत! पाणी प्या! चप्पल घाला, दोन्ही!" हे "दोन्ही" नव्याने जोडलेलं होतं. कारण रेडिओ घरी आला तो अर्धं जग हॉस्पिटलात विसरून आला. डोळे धड होते, पण डावीकडचं काही त्याच्या ध्यानातच यायचं नाही. एका पायात चप्पल घालून निघायचा. ताटातला उजवीकडचा भात संपवायचा, डावीकडचा तसाच ठेवून म्हणायचा, "आज हात आखडता घेतलास वाटतं?" बायको काही न बोलता ताट अर्धं फिरवायची. डावीकडचा भात उजवीकडे आला की याचा चेहरा उजळायचा. "हं, लपवून ठेवला होतास तर!" रोज तेच ताट आणि रोज तोच आनंद, कारण दुसरी गोष्ट अशी की नुकतंच घडलेलंही त्याच्या लक्षात राहायचं नाही. आवाज मात्र सगळे शाबूत होते. कोणाचा कुठला ते कधीकधी विसरायचा, एवढंच.

पडल्याला वर्ष झालं तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा डोक्याचा फोटो काढला आणि जुन्याशेजारी उजेडात लावला.

"म्हणजे कसंय," डॉक्टर म्हणाले. दर वाक्याला "म्हणजे कसंय" लावल्याशिवाय त्यांची गाडी पुढे सरकायची नाही. "म्हणजे कसंय, मेंदू थोडा आकसलाय. हे काळं दिसतंय ना, ते पाणी. ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं. मेंदू आकसला की जागा मोकळी होते, तिथे ते जास्त भरतं."

"मार लागून वर्ष झालं," बायको म्हणाली. "आता कसा आकसला?"

"म्हणजे कसंय, मार लागल्या लागल्या सगळ्या पेशी जात नाहीत. काही मागाहून जातात. त्यांना जोडणाऱ्या तारा ताणल्या गेलेल्या असतात, त्या हळूहळू झडतात. महिनोन्‌महिने चालतं हे."

"थांबतं का पण?"

डॉक्टरांनी मधल्या काळातला एक फोटो काढून शेजारी लावला. "यात आणि आजच्यात फारसा फरक दिसत नाही. म्हणजे वेग बसलाय असं मला वाटतं. छातीठोक नाही सांगत, वर्षाने पुन्हा बघू. तसा वयाबरोबर सगळ्यांचाच थोडा आकसतो. माझासुद्धा."

"तुमचा आकसला तरी चालेल," रेडिओ म्हणाला. "तुमच्याकडे माल जास्त."

डॉक्टर हसले. मग पुढे वाकून म्हणाले, "गेलेलं परत उगवत नाही. पण उरलेलं शिकतं, नव्या वाटा काढतं. म्हणून काम द्या त्याला. नुसतं बसवून ठेवू नका."

"म्हणजे कसंय," रेडिओ बायकोकडे वळून हुबेहूब त्याच आवाजात म्हणाला, "मला कामावर पाठवा." डॉक्टरांनी चमकून स्वतःच्या तोंडाकडे हात नेला.

तर काम. ते द्यायचं होतं धाकट्याने. आणि धाकटा भित्रा, माणूस सोन्यासारखा असला तरी. त्याचं प्रत्येक वाक्य "मी काय म्हणतो" ने सुरू व्हायचं, आणि बरेचदा पुढे तो काहीच म्हणायचा नाही.

"दादा, मी काय म्हणतो, घाई नको."

"तू काही म्हणू नकोस. बस पहिल्या खुर्चीवर. आधी तुझंच डोकं."

धाकटा बसला. रेडिओने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला, फणी उचलली. आणि कात्री हवेत वाजली, कट-कट-कट, अगदी पूर्वीसारखी. हात एक इंचही विसरले नव्हते. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडिओने कल्ला रेषेत आणला, मानेवरचे केस झाडले, कापड झटकलं. "झालं! बघ, कसा दिसतोस!"

धाकट्याने आरशात बघितलं. उजवीकडून नवरदेव, डावीकडून फरार.

"दादा… डावीकडचं?"

"कुठलं डावीकडचं?" रेडिओने मान वळवून वळवून शोधलं, तेव्हा कुठे सापडलं. "अरे! हे कधी उगवलं?" तो हसला. मग आरशात धाकट्याचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू विरलं.

त्या दुपारी धाकटा टोपी घालून समोरच्या सलूनमध्ये उरलेलं डोकं कापून घ्यायला गेला. समोरच्याने टोपी काढली, शिट्टी वाजवली आणि विचारलं, "नवी फॅशन का? दर काय लावता, अर्धा?" धाकट्याने कापून घेतलं, पैसे मोजले. पण संध्याकाळी तो घरी वहिनीपुढे येऊन बसला.

"वहिनी, मी काय म्हणतो, वस्तऱ्याचा धंदा आहे हा. उद्या कुणाचा कान गेला तर?"

"कान डावीकडे असला तर त्यांना दिसणारच नाही. कापतील कसा?"

"चेष्टा नको. एक नवीन कारागीर बघितलाय मी. येत्या एक तारखेपासून तो पहिल्या खुर्चीवर. दादाने टॉवेलांच्या घड्या कराव्यात, बसावं, गप्पा माराव्यात. दुकान त्याचंच आहे."

रेडिओ दारातच उभा होता. "केसाने गळा कापलास की रे," तो म्हणाला. बोलला गमतीतच. पण त्यानंतर रात्रीपर्यंत त्या घरात एकही परका आवाज निघाला नाही. रेडिओ बंद.

खरी पंचाईत पुढेच होती. सकाळी तो सगळं विसरून दुकानात यायचा, हात धुवायचा आणि पहिल्या खुर्चीमागे उभा राहून ओरडायचा, "पुढचा!" मग धाकट्याला पुन्हा सांगावं लागायचं, आणि तो चेहरा पुन्हा नव्याने उतरायचा.

"वाईट बातमी एकदा द्यायची असते, भाऊजी," बायको म्हणाली. "तुम्ही रोज देता."

महिना संपत आला. नवा कारागीर एकदा येऊन खुर्ची बघूनही गेला. चिकटपट्टी बदलायला हवी म्हणाला.

आणि एका सकाळी काकू रेफरीसाहेबांना घेऊन आल्या.

रेफरीसाहेब पहिल्या खुर्चीचे जुने गिऱ्हाईक. अर्धं आयुष्य फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलेलं. आवाज असा की बाकावरचा माणूस उगाचच पाय आत घ्यायचा. गेली काही वर्षं त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. आता केस खांद्यावर आले होते आणि दाढी कुंच्यासारखी. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांचा दंड धरला होता, हलकाच, पण सुटू नये असा.

"दोन दुकानं झाली," काकू धाकट्याला हळूच म्हणाल्या. "बसतच नाहीत. घरी मी कात्री धरली तर हात पिरगाळला. बघ बाबा तुला जमतंय का."

धाकट्याने त्यांना आपल्या मधल्या खुर्चीवर बसवलं. साहेब बसले. समोर बघितलं. आणि ताडकन उठले.

"हा कोण?"

आरशातला पांढऱ्या दाढीचा म्हाताराही ताडकन उठला होता.

"हा आपल्या यादीत नाही! कोणी सोडला आत? बाहेर!" साहेबांनी खिशात हात घातला आणि मूठ उंचावली. मूठ रिकामी होती, पण जरब लाल कार्डाची होती. आरशातल्यानेही उलट कार्ड दाखवलं, तेव्हा तर साहेब दोन पावलं मागे सरले.

"घरचे आरसे झाकून ठेवलेत मी," काकू पुटपुटल्या. "आता दुकानातले कसे झाकू?"

धाकट्याची पाचावर धारण बसली. तो आरशावर टॉवेल टाकायला धावला, टॉवेल घसरला, म्हातारा पुन्हा दिसला. साहेब दाराकडे निघाले. तेवढ्यात कोपऱ्यातून, टॉवेलांच्या ढिगाऱ्यामागून आवाज आला, सामन्याचं वर्णन करणाऱ्याचा, श्वास न घेता:

"आणि मैदानात प्रचंड गोंधळ! आगाऊ खेळाडूला लाल कार्ड! निर्णय अगदी योग्य आहे प्रेक्षकहो, असा रेफरी पुन्हा होणे नाही, आणि हा बघा, हा चालला तो आगाऊ खेळाडू बाहेर!"

साहेब थबकले. रेडिओ उठून पहिल्या खुर्चीपाशी आला होता. त्याने खुर्चीचा हात धरला आणि ती अर्धी फिरवली. घरी बायको ताट फिरवायची तशी, काही न बोलता. खुर्ची कुरकुरली, कण्हली, फिरली. आता तिची पाठ आरशाला आणि तोंड दाराकडे. दारातून रस्ता दिसत होता, एक सायकल, एक मांजर. म्हातारा कुठेच नाही.

"गेला?" साहेबांनी विचारलं.

"गेला. बसा, सामना सुरू करायचाय."

साहेब बसले. रेडिओ खुर्ची आणि काउंटर यांच्या मधल्या जागेत शिरला, साहेबांच्या मागे. कात्री उचलली.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी काय म्हणतो…"

"करू दे त्याला," काकू म्हणाल्या. "आवाज ओळखलाय त्यांनी."

कट-कट-कट. पांढरे केस कापडावरून घरंगळायला लागले.

"किती वेळ उरलाय?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी डोळे मिटले. "घरी दिवसभर हाच प्रश्न," त्या धाकट्याला म्हणाल्या. "मी उत्तर देते, लगेच पुन्हा विचारतात. देव जाणे किती वेळा. मग मी ओरडते. मग मलाच वाईट वाटतं."

पण रेडिओला ओरडायचं कारणच नव्हतं. साहेब जसे प्रश्न विचारून विसरत होते, तसाच हा उत्तर देऊन विसरत होता. त्याला दर वेळी प्रश्न नवाकोरा.

"बराच उरलाय साहेब, आत्ताच तर शिट्टी झाली!" हा वर्णनकाराचा आवाज.

"किती वेळ उरलाय?"

"म्हणजे कसंय, वेळ आहे. छातीठोक नाही सांगत, पण आहे."

"किती वेळ उरलाय?"

"खाली बसा! हात आत! स्टॉप आला की मी सांगते!"

बाकावरची दोन गिऱ्हाइकं तोंडावर हात दाबून हलत होती. काकूंनी आधी पदर तोंडाला लावला, मग तोही सोडला आणि खळखळून हसल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या डॉक्टरांनीही फोटो दाखवला. मेंदू आकसतोय म्हणाले. आठवणीची जागा आधी. यांचा थांबायचा नाही, औषधाने सावकाश जाईल तेवढंच."

"दादाचाही आकसलाय," धाकटा म्हणाला. मोठ्याने तो हे पहिल्यांदाच बोलत होता.

उजवी बाजू झाली. काय झाली होती! कानामागची वळणदार रेघ, कल्ला ओळीत, दाढीची उजवी कड कात्रीने नेमकी. रेडिओने फणी खाली ठेवली आणि कापडाची गाठ सोडायला हात घातला. "झालं!"

धाकट्याने पुढे वाकून पाहिलं. डावीकडे सगळं जंगल जसंच्या तसं होतं. त्याने तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं, पुन्हा मिटलं. आता सांगायचं म्हणजे सगळ्यांदेखत सांगायचं. एक तारखेची बातमी पुन्हा द्यायची, तीही या चेहऱ्याला, जो वर्षभरात आज पहिल्यांदा असा फुललाय.

साहेबांनी कापडाखालून हात वर काढला. उजव्या गालावरून फिरवला, मग डाव्या. कपाळाला आठ्या पडल्या. दोन बोटं तोंडात गेली आणि अशी शिट्टी झाली की रस्त्यावरचं मांजर पळालं.

"हाफ टाइम!" साहेब गरजले. "बाजू बदला!"

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ असा. बायकोचं नाव त्यांना सापडत नव्हतं, पण अर्धाच सामना झाल्यावर कोणी मैदान सोडायला लागला, तर ते खपवून घेणार नव्हते.

"हो साहेब!" रेडिओ म्हणाला, आणि खुर्चीला वळसा घालून साहेबांच्या समोर येऊन उभा राहिला.

आता समोरासमोर उभं राहिलं की समोरच्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. यात शोध कसला, शाळेतली पोरंही हे जाणतात. पण त्या दुकानात हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकाने आरशाकडे तोंड करायचं आणि न्हाव्याने पाठीमागे राहायचं हीच रीत. रेडिओने समोर बघितलं. त्याच्या उजव्या हाताला, ढळढळीत, पांढरं जंगल.

"अरे! हे कधी उगवलं?"

कट-कट-कट.

साहेब त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "तू आधी खेळायचास ना?"

"खेळतोय की अजून."

"मध्ये दिसला नाहीस."

"लागलं होतं. डोक्याला."

"डॉक्टरांनी बघितलं?"

"बघितलं. काम करू द्या म्हणाले."

"मग बाहेर कोणी बसवलंय?"

रेडिओने कात्री थांबवून जरा आठवून बघितलं. आठवेना. धाकट्याला मात्र चांगलंच आठवत होतं. तो टॉवेलाची घडी घालत होता, तीच, पुन्हा पुन्हा.

"खेळ," साहेब म्हणाले. "मी बघतो कोण काढतो तुला."

डावी बाजूही झाली. मानेवर वस्तरा फिरवायची वेळ आली तेव्हा धाकटा पुढे झाला. "दादा, मी काय म्हणतो, वस्तरा मी घेतो." रेडिओने कुरकूर केली, पण दिला. वस्तऱ्याची ही वाटणी पुढेही तशीच राहिली. काकूंनी साहेबांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. "किती वेळ उरलाय?" साहेबांनी त्यांना विचारलं. काकू घाबरतच वर्णनकाराच्या आवाजात म्हणाल्या, "बराच उरलाय साहेब!" आवाज काही जमला नाही, पण साहेबांनी मान डोलावली.

दुपारी बसमधली पोरं उतरवून रेडिओची बायको आली. धाकट्याने सगळं सांगितलं, दोनदा, हातवारे करून.

"म्हणजे मी ताट फिरवते तेच ना?" ती म्हणाली. "वर्षभर फिरवतेय. विचारायचं होतं की मला!"

धाकट्याने कान पकडले. त्याने पहिली खुर्ची फिरवून दाराकडे केली आणि स्वतः तिच्यावर बसला. "काप, दादा. समोरच्या सलूनवाल्याने वेडंवाकडं कापलंय." रेडिओने मागून उजवी बाजू केली आणि आनंदाने कापडाला हात घातला. "झालं!" धाकट्याने तोंडात बोटं घातली, पण नुसता फुस्स आवाज निघाला. तेव्हा बाकावरून सगळे एकदम ओरडले, "हाफ टाइम!" आणि रेडिओ वळसा घालून पुढे आला.

संध्याकाळी धाकट्याने नव्या कारागिराला फोन लावला. "मी काय म्हणतो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर काम कराल का? चांगली आहे. टॉवेल उचलतो मी तिच्यावरचे."

दुसऱ्या सकाळी रेडिओ आला तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं. साहेब नाहीत, शिट्टी नाही. त्याने हात धुतले, पहिल्या खुर्चीमागे उभा राहिला आणि कापड झटकलं.

"पुढचा!"

"दादा," धाकटा सवयीने म्हणाला, "मी काय म्हणतो…"

आणि पुढे काहीच म्हणाला नाही. फक्त आला, खुर्ची दाराकडे फिरवून दिली आणि आपल्या कामाला लागला.